'माझे अध्यापनविषयक तत्त्वज्ञान' दोन पानांत लिहायचंय, काय लिहू?

सत्तरीची टीचर

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एकाच खोलीत, पट ११. सध्या आमचं प्रशिक्षण चालू आहे आणि प्रत्येकाने दोन पानी टिपण द्यायचंय. विषय: 'माझे अध्यापनविषयक तत्त्वज्ञान आणि आजीवन शिक्षण'.

नमुना म्हणून व्हॉट्सअॅपवर काही टिपणं फिरताहेत. सगळ्यांत शिक्षक दीपस्तंभ आणि मूल उमलतं फूल. एकात तर राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधले परिच्छेद जसेच्या तसे उतरवलेत. तसं लिहून दिलं तर चालेलही, कोण वाचतंय! पण लिहायला बसले की हात पुढे सरकत नाही. मला तत्त्वज्ञान आहे असंच वाटत नाही. सकाळी कुलूप काढायचं, चौथीला भागाकार घालून पहिलीकडे वळायचं, मधल्या सुट्टीत पाव-भाजी आली की वाटायची, वरून माहिती मागवली की ती भरून पाठवायची. ह्यात तत्त्वज्ञान कुठे बसवू?

डोक्यात सध्या दुसरंच घोळतंय. तिसरीतली एक मुलगी. घरचा पसरो (किराणा दुकान) आहे, संध्याकाळी गल्ल्यावर बहुतेक हीच असते. मी २७ रुपयांचं सामान घेऊन ५० ची नोट दिली तर बोलत बोलत २३ रुपये हातावर ठेवते, एक रुपया इकडचा तिकडे नाही. वहीत मात्र ५२ − २७ = ३५. दुसरं घातलं, ८१ − ४६ = ४५. हातच्याची वजाबाकी काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवली, फळ्यावर दाखवली. मान हलवते आणि परत तेच. हे टिपणात लिहिण्यासारखं नाही हे कळतं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

कुणी असं काही लिहिलं असेल तर दिशा द्या.

पाटोकार

टीचर, आजीवन शिक्षणासाठी गोंयकाराला बाहेरचं उदाहरण शोधायची गरज नाही. धर्मानंद कोसंबी. १८७६ साली सांकवाळला जन्म, शाळा म्हणावी अशी फारशी झालेली नाही, घरच्या माडांच्या कुळागरात राबणारा मुलगा. 'बालबोध मेवा' मासिकात बुद्धावरचा लेख वाचला आणि तो विषय मनात रुतून बसला. १८९९ च्या अखेरीस घर सोडलं. पुणे, मग काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत, पुढे सिंहलद्वीपात जाऊन पाली. नंतर हार्वर्डमध्ये पाली ग्रंथावर काम.

मला स्वतःला त्यातला बडोद्याचा प्रसंग आवडतो. कलकत्ता विद्यापीठातली बऱ्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी सयाजीरावांचे महिना ५० रुपये घेतले, कारण त्यात महाराष्ट्रात राहून अभ्यास करायला मोकळीक होती. अट एवढीच की वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचं. त्यांचं आत्मकथन आमच्या पणजीतल्या पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मिळेल. वाचा, दोन पानं आपोआप भरतील.

म्हापशेकरीण

पाटोकार, कोसंबी थोरच. पण घर सोडलं तेव्हा मागे बाळाबाई होत्या आणि मांडीवर तान्ही मुलगी. एकशिक्षकी शाळा चालवणाऱ्या बाईला हे उदाहरण देऊन काय उपयोग? तिने कुठे जायचं, कुलूप कुणाकडे द्यायचं?

मी साक्षरतेच्या वर्गाला स्वयंसेवक होते. 'उल्लास'चा वर्ग, ज्याच्यानंतर ३० मे २०२५ ला, घटक राज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला. आमच्या वर्गात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारी एक मावशी होती. भाजीचे वाटे लावणार, चार गिऱ्हाइकांचा हिशोब एका वेळी तोंडी करणार, आणि सही म्हणाल तर अंगठा. परीक्षा १५० गुणांची, वाचन, लेखन, अंकज्ञान, प्रत्येकी ५०. अंकांची तिला भीती नव्हतीच. ती घाबरायची पेन्सिलीला. पहिले काही दिवस पेन्सिल हातात दिली की पदराला हात पुसायची, परत परत. मी शिकवायचं थांबवलं आणि तिला नुसत्या रेघा मारायला दिल्या, वाट्यांच्या रांगेसारख्या. मग अक्षरं आली.

टीचर, तुमची मुलगी वाचून मला तीच आठवली. तत्त्वज्ञान काय ते सर लोकांना विचारा, मला हे एवढंच ठाऊक.

तिहाई

टीचर, वजाबाकीच्या परिच्छेदाला तुम्ही 'टिपणात लिहिण्यासारखं नाही' म्हणता? मला तर सगळ्या पोस्टमध्ये तोच लिहिण्यासारखा वाटला. बाकीचं कुणीही लिहील.

मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात गणित शिकवत होतो, आता निवृत्त. सध्या तबला शिकतो. आमच्या गावच्या भजनात ठेका धरणारा गल्फात गेला आणि तालमीला माणूस कमी पडायला लागला. घरी बसून मी तरी काय करणार, म्हणून उडी मारली. शिकवणारा मुलगा माझ्या धाकट्या मुलाहून लहान. गॅरेजमध्ये काम करतो, संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात आम्हा चार-पाच जणांना घेऊन बसतो. दहावीच्या गणिताला दोनदा बसलेला. (माझ्या शाळेतला नव्हे, आधीच सांगतो, नाहीतर लोक जोडून घेतील.)

तो शिकवतो कसा ते सांगतो, कारण निवृत्तीच्या आधी मी जी काही प्रशिक्षणं घेतली त्यांत हे कुणी दाखवलं नव्हतं. 'ना' वाजवताना तर्जनी चाटेवर (कडेच्या पट्टीवर) पडते आणि अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला नुसती टेकलेली राहायला हवी. माझी अनामिका उचलायची. मग आवाज बंद, पत्र्याच्या डब्यावर मारल्यासारखा. दुसरा कुणी असता तर 'बोट उचलू नका' असं दहादा म्हणाला असता. हा उठला, माझ्या डाव्या बाजूला येऊन उकिडवा बसला आणि म्हणाला, 'सर, परत वाजवा, बोट बघूं दी.' बराच वेळ नुसता बघत होता. मग माझं मनगट धरून थोडं खाली दाबलं. 'तुम्ही मनगट वर धरता, फळ्यावर बरयता तसं. म्हणून बोट उचलता.' इतकी वर्षं फळ्यावर लिहिलेला हात तबल्यावर आला होता. बोटाला काहीच झालेलं नव्हतं.

शिकवणं ह्याहून वेगळं काही असतं असं मला आता वाटत नाही. चूक कुठे दिसते आणि ती कुठून येते ह्या दोन जागा वेगळ्या असतात, आणि दुसरी जागा सापडायला शिकणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसावं लागतं. तुमच्या मुलीचं ५२ − २७ = ३५ हे उत्तर तिने असंच ठोकून दिलेलं नाही. दोन्ही गणितांत तिने एकच रीत लावलीय बघा: प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचा. सातातून दोन, पाच. पाचातून दोन, तीन. रीत पक्की आहे आणि ती तिने स्वतः बनवलीय. गठ्ठे सोडून दाखवले तरी तिला तुमची रीत दिसते, तिची मोडत नाही. दुसऱ्या बाजूला पसऱ्यावर ती बरोबर करते, म्हणजे तिच्याकडे वजाबाकीची आणखी एक रीत आहे. ती कोणती, हे तुम्ही तिला विचारलंत का?

हे विचारायचं कसं, ह्यावर माझं एक मत आहे. 'कसं काढलंस?' हा प्रश्न उत्तर बरोबर आलं तरी विचारायचा. आपण फक्त चुकलेल्याला विचारतो. मग मुलं चतुर होतात. 'कसं काढलंस' ऐकलं की खोडरबर हातात घेतात. बरोबर आलेल्यालाही तोच प्रश्न, त्याच आवाजात विचारला की काही दिवसांनी खोडरबर खाली राहतं. तुमची चारही इयत्तांची मुलं एका खोलीत आहेत, हा तुमचा फायदाच समजा. चौथीच्याने कसं काढलं ते तिसरीची पोरं कान देऊन ऐकतात.

आता माझ्या मास्तराचं दुसरं. तिहाई म्हणजे एक तुकडा तीनदा वाजवून बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. तीनतालात १६ मात्रा, समेपासून सुरुवात केली तर पुढची सम १७ वी. तुकडा पाच मात्रांचा आणि मधे एकेका मात्रेचा दम, म्हणजे विराम: पाच, एक, पाच, एक, पाच, झाले सतरा, शेवटचा 'धा' समेवर. मी घरी येऊन कागदावर मांडलं. तुकडा क्ष, दम य. ३क्ष + २य = १७. नववीतलं दोन चलांतलं रेषीय समीकरण. उत्तरं निघाली पाच-एक, तीन-चार आणि एक-सात. दुसऱ्या दिवशी ती उत्तरं घेऊन गेलो. म्हटलं, तीन मात्रांचा तुकडा आणि चारचा दम वाजवता येतो का? त्याने लगेच वाजवून दाखवला. झपताल घेतला, दहा मात्रांचा. माझ्या कागदावर ३क्ष + २य = ११, तीन-एक आणि एक-चार. ते त्याने वाजवलं आणि वर दोन मात्रांचा तुकडा घेऊन मधे अडीच मात्रांचा दम दिला. दोन, अडीच, दोन, अडीच, दोन. अकराच! मी कागदावर पूर्णांकच घेतले होते. विचारलं, 'हे मोजतोस कसं?' म्हणाला, 'हांव मेजिना सर. हात मेजता.'

ह्या मुलाला दोनदा नापास करणारी परीक्षा काय मोजत होती, हा प्रश्न वेगळा. त्यावर लिहायला बसलो तर रात्र जाईल.

आजीवन शिक्षणाबद्दल. पाटोकार आणि म्हापशेकरीण दोघांचंही खरं आहे. माझ्याकडून आमच्या फोंड्याजवळचंच उदाहरण घ्या. केरीच्या गायिका केसरबाई केरकर १८९२ च्या. अल्लादिया खाँसाहेबांकडे तालीम सुरू झाली १९२१ साली, आणि खाँसाहेब १९४६ ला जाईपर्यंत ती चालू राहिली. देशभर नाव झालं तरी रोज कुणासमोर तरी बसून, हे चुकलं ते चुकलं ऐकून घ्यायचं. हल्ली आजीवन शिक्षण म्हटलं की ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं दाखवतात. व्हिडिओ चालू ठेवायचा, दुसऱ्या खोलीत भाजी चिरायची, शेवटी दहा प्रश्नांवर टिचक्या. त्यात तुमचा हात कुणी बघत नाही. ज्याला हात दाखवावा लागतो असा एक तरी माणूस शिक्षकाला हवा. तबलाच पाहिजे असं नाही. पोहणं शिका, शिवण शिका, वाड्यावरच्या म्हातारीकडून माडाच्या चुडतांची झापं विणायला शिका. आपल्याला जमत नाही आणि समोरच्याला सहज जमतं, ह्या जागी आठवड्यातून एकदा तरी बसायचं. सोमवारी वर्गात त्याचा उपयोग होतो. मनगट कुठे बघायचं ते कळतं.

आणि हो, ह्यावरून मी पाठांतराच्या विरुद्ध आहे असं कुणी समजू नये. पाढे पाठच पाहिजेत. हा मुलगासुद्धा ठेका हातात बसल्याशिवाय तिहाईचं नाव काढू देत नाही. खाप्रुमामा पर्वतकर हातापायांवर वेगवेगळे ताल एकाच वेळी धरायचे म्हणून आपण कौतुकाने सांगतो, ते काय 'आनंददायी शिक्षणा'तून आलं? समजणं आणि घोटणं ह्यांत भांडण लावणारे लोक बहुधा दोन्ही करत नसतात.

तर टीचर, पसऱ्यावर ती सुटे कसे मोजते ते विचारा आणि इथे कळवा. दोन पानं मग बघू.

पाटोकार

सर, अडीच मात्रांचा दम वाचून मी टेबलावर वाजवून बघितला. शेजारचे वाचक उठून गेले.

म्हापशेकरीण, बाळाबाईंचा मुद्दा मान्य. त्यांच्या बाजूने कुणी फारसं लिहिलेलं नाही.

सत्तरीची टीचर

विचारलं. वर्गात नाही, संध्याकाळी पसऱ्यावरच गेले. साखर आणि अगरबत्ती मिळून ३४ रुपये झाले, ५० ची नोट दिली. म्हटलं, सावकाश दे आणि तोंडाने बोलत दे. तिने माझ्या तळहातावर आधी एकेक करून सहा रुपये ठेवले, 'पस्तीस, छत्तीस...' करत चाळीसपर्यंत. मग दहाची नोट ठेवली आणि 'पन्नास' म्हणाली. झालं. ती काढतच नाही, वर चढत जाते! वजाबाकी तिच्या लेखी बेरीज आहे.

तिथेच पुड्याच्या कागदावर ५२ − २७ लिहिलं. म्हटलं, २७ चं सामान आणि गिऱ्हाइकाने ५२ दिले असं समज. क्षणभर माझ्याकडे बघितलं. 'तीन, तीस. वीस, पन्नास. दोन. पंचवीस.' मग विचारलं, शाळेत ३५ का आलं? तर म्हणते, 'थंय उबें मांडलां मगो टीचर. दोनांतल्यान सात वचनात, म्हण सातांतल्यान दोन काडले.' (दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.) हे तिने इतक्या समजूतदारपणे सांगितलं की मलाच पटलं.

मग हातच्याचं आठवलं. म्हटलं, गल्ल्यात दहाच्या पाच नोटा आहेत, एकेकाची दोन नाणी आहेत आणि तुला कुणालातरी २७ रुपये द्यायचेत. म्हणाली, शेजारच्या हॉटेलातून दहाचे सुटे आणते. मग नाणी किती? बारा. नोटा किती उरल्या? चार. आणि आपणच हसली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर उभ्या मांडणीत ८१ − ४६ तिने स्वतः केलं, वर 'हॉटेल' म्हणत दशक सुटा केला. आता सगळा वर्ग हातच्याला हॉटेल म्हणतो. साहेब तपासणीला आले तर काय सांगू कळत नाही.

शून्य आलं की मात्र अडते. १०३ − ५८ ला पेन्सिल खाली ठेवली.

सरांनी सांगितल्याप्रमाणे बरोबर आलेल्यालाही 'कसं काढलंस' विचारायला लागले. चौथीतल्या हुशार मुलाला विचारलं तर त्याने घाबरून बरोबर उत्तर खोडलं. खोडरबरचं तंतोतंत खरं निघालं.

टिपणाची सुरुवात अशी केलीय, बघा: 'माझ्या वर्गात पहिली ते चौथीची ११ मुले एकत्र बसतात. तिसरीतील एक विद्यार्थिनी दुकानात अचूक सुटे पैसे देते, परंतु वहीत ५२ − २७ = ३५ लिहिते. ती दुकानात काय करते हे पाहण्यासाठी मी तिच्या दुकानात गेले.' पुढे तळहातावरचे पैसे आणि हॉटेल. दुसऱ्या पानावर 'विद्यार्थ्याच्या सर्वांगीण विकासासाठी शिक्षकाने सदैव ज्ञानपिपासू राहणे आवश्यक आहे' असा एक परिच्छेद आहे. आणि आजीवन शिक्षणाखाली लिहिलंय की वाड्यावरच्या एका काकूकडे मी गवळणकाल्याची पदं शिकायला जाते. जाते हे खरंच आहे, गळा नाही तरी. पण हे फार घरगुती वाटतं का?

म्हापशेकरीण

घरगुतीच राहू दे. काकू तुझ्या गळ्याचं काय करते ते लिही, नुसतं 'जाते' नको.

तिहाई

पहिला परिच्छेद जसा आहे तसा ठेवा, शब्द हलवू नका. 'हॉटेल' राहू द्या, साहेबांना मुलीकडूनच ऐकवा. 'सर्वांगीण विकास'वाला परिच्छेद पूर्ण उडवा आणि त्या जागी चौथीच्या मुलाने बरोबर उत्तर खोडलं ते लिहा. काकूंबद्दल म्हापशेकरीण म्हणतात तसंच: त्यांनी तुम्हाला कुठे अडवलं, काय म्हणाल्या, तुम्ही परत कसं म्हटलंत. पाच ओळी पुरे. धोरणातलं वाक्य घालायलाच हवं असं प्रशिक्षणात सांगितलं असेल तर शेवटी एक घाला, एकच.

१०३ − ५८ चं कागदावर नको. पसऱ्यावर वर चढून ते ती आत्ताही करील: दोन, साठ, चाळीस, शंभर, तीन. पंचेचाळीस. अडचण उभ्या मांडणीत आहे, कारण दशकाच्या घरात सुटं करायला काहीच नाही. तिला विचारा, गल्ल्यात शंभरची एकच नोट आहे, दहाची एकही नाही, आणि हॉटेलवाला शंभरचे थेट शंभर रुपये सुटे द्यायला तयार नाही, दहाच्याच नोटा देतो. मग तिला हॉटेलात किती खेपा घालाव्या लागतील? काय म्हणते ते कळवा.